दर कुणाचा, कोणत्या दिवसाचा?

वाचकांचे प्रश्न : स्प्रेडशीट आणि परकीय चलन

मागच्या अंकात घरखर्चाच्या शीटबद्दल लिहिताना मी ओघात म्हटले होते, की डॉलरचा दर हाताने टाकत बसू नका, फॉर्म्युला तो आणून देतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे पान त्याच विषयाला दिले आहे. बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरी झाली. त्यामुळे या पत्रांना उत्तरे देताना मनापासून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. काळजी कशाची, ते पहिल्याच उत्तरात येईल.

आधी एक सूचना. या पानावर फॉर्म्युलेही देवनागरीत छापले आहेत. शीटमध्ये मात्र फंक्शनचे नाव, अवतरणचिन्हांतले शब्द, चलनांची तीन-तीन अक्षरे आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. यूएसडी म्हणजे अमेरिकी डॉलर, ईयूआर म्हणजे युरो, एईडी म्हणजे अमिरातीचा दिरहम आणि आयएनआर म्हणजे आपला रुपया. दोन चलनांची अक्षरे जोडून, मध्ये जागा न सोडता लिहायची. जे चलन आधी लिहाल, त्याच्या एकाची किंमत नंतरच्या चलनात मिळते.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचा द्राक्ष निर्यातीचा लहानसा व्यवसाय आहे. माल नेदरलँड्सला जातो, बिले युरोत होतात. मुलाने गूगल शीट्समध्ये फॉर्म्युला बसवून दिला, त्यामुळे प्रत्येक बिलाचे रुपये आपोआप येतात. पण गेल्या हंगामाची बेरीज रोज वेगळी दिसते. मी सीएंना फोनवर सांगितलेला आकडा आणि त्यांनी दोन दिवसांनी शीट उघडल्यावर दिसलेला आकडा जुळला नाही. फॉर्म्युला चुकलाय का?

उत्तर : फॉर्म्युला बरोबर आहे, त्याची जागा चुकली आहे. तुमच्या मुलाने बहुधा असे लिहिले असणार :

=गूगलफायनान्स("करन्सी:ईयूआरआयएनआर")

आणि प्रत्येक बिलाची रक्कम या आकड्याने गुणली असणार. हा फॉर्म्युला फक्त आत्ताचा दर देतो. शीट उघडी असेल तोवर तो दर बदलत राहतो, आणि तोसुद्धा वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो, असे गूगलच सांगते. म्हणजे फेब्रुवारीत बंदरातून निघालेल्या कंटेनरचे रुपये तुमची शीट दर दिवशी नव्याने मोजते आहे. तो माल विकला गेला, पैसे जमा झाले, बागेची छाटणीही झाली. पण शीटमध्ये त्या बिलाची रक्कम अजून हलतेच आहे.

मला काळजी वाटते ती हीच. दर आपोआप येतो म्हटल्यावर तो कुणाचा आणि कोणत्या दिवसाचा, हे विचारायचे राहून जाते. बँकेत काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असे, ‘आजचा रेट काय?’ आणि आमचा उलट प्रश्न असे, ‘कशासाठी पाहिजे?’ कारण नोटा विकत घ्यायच्या तर एक दर, बाहेरून तारेने आलेले पैसे जमा करायचे तर दुसरा, बाहेर पाठवायचे तर तिसरा. गूगल देते तो यांपैकी एकही नाही. तो बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या मधला दर आहे. अंदाज बांधायला तो उत्तम, पण त्या दराने तुम्हाला कोणी युरो देणार नाही आणि तुमचे घेणारही नाही.

तुमच्या एका कंटेनरला किती दर लागतात ते बघा. पहिला कस्टम्सचा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४ खाली आयात आणि निर्यातीसाठी वेगवेगळे दर जाहीर करते. हे महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी होते. शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवताना कस्टम्सकडे भरायचा कागद, याच दराने होते. वस्तूंच्या निर्यातीची जीएसटीसाठीची किंमतही त्याच दराने धरायची, असे सीजीएसटी नियमावलीतला नियम ३४ सांगतो. सेवा निर्यात करणाऱ्यांना तो दर नाही. त्यांच्यासाठी हाच नियम सर्वमान्य हिशेबपद्धतीने येणारा दर घ्यायला सांगतो. तुम्ही द्राक्षे पाठवता, तेव्हा तुमचा प्रश्न सरळ आहे.

हा दर कोणताही फॉर्म्युला आणून देत नाही, आणि तशी गरजही नाही. वर्षाला चोवीसच्या आसपास नोंदी होतात. ‘कस्टम्स’ नावाची वेगळी शीट करा. ए कॉलममध्ये दर लागू झाल्याची तारीख, बी कॉलममध्ये युरोचा निर्यातीचा दर. पहिल्या ओळीत मथळे, तारखा जुन्याकडून नव्याकडे चढत्या. मग बिलांच्या शीटमध्ये, बिलाची तारीख ए२ मध्ये असेल तर तिला लागू असलेला दर असा शोधून आणता येतो :

=व्हीलुकअप(ए२, कस्टम्स!$ए$२:$बी$१००, २, ट्रू)

शेवटचे ‘ट्रू’ महत्त्वाचे. नेमकी तारीख सापडली नाही तर तिच्या आधीची सगळ्यात जवळची तारीख घे, असा त्याचा अर्थ. जाहीर झालेला दर पुढचा जाहीर होईपर्यंत चालतो, म्हणून इथे ते चपखल बसते.

दुसरा दर बँकेचा. पैसे आल्यावर बँकेने प्रत्यक्षात किती रुपये जमा केले, तेच खरे. तो दर शोधायचा नसतो, काढायचा असतो : जमा रुपये भागिले आलेले युरो. बँकेच्या सल्लापत्रावर दर आणि कमिशन वेगवेगळे दिलेले असते. ते दोन्ही वेगळ्या कॉलममध्ये उतरवा, नाहीतर कमिशन दरात मिसळून जाते. समजा, बिल १८,४०० युरोचे आहे, कस्टम्सचा दर ९६.५० होता आणि बँकेने ९७.१० ने जमा केले. फरक साठ पैशांचा, पण १८,४०० ने गुणल्यावर ११,०४० रुपये. हा द्राक्षांवरचा नफा नाही, विनिमयातला नफा आहे. खतावणीत तो वेगळ्या खात्यात जातो. सीए तुम्हाला जो आकडा विचारत होते, त्यात बहुधा ही विभागणीच त्यांना हवी होती.

लेखा मानक ११ (परकीय चलनातले व्यवहार पुस्तकात कसे मांडायचे याचा नियम) प्रमाणे पुस्तकात पहिली नोंद व्यवहाराच्या दिवशीच्या दराने होते आणि ३१ मार्चला जी येणी बाकी असतील ती त्या दिवसाच्या दराने पुन्हा मांडायची असतात. कस्टम्सचा दरच पुस्तकात धरायचा की बाजाराचा, हे सीएंशी एकदा ठरवून घ्या आणि मग वर्षभर तेच ठेवा. बाजाराचा ठरला, तर त्या दिवशीचा दर असा मिळतो :

=इंडेक्स(गूगलफायनान्स("करन्सी:ईयूआरआयएनआर", "प्राइस", ए२), २, २)

नुसते गूगलफायनान्स तारीख देऊन लिहिले, तर ते दोन ओळी आणि दोन कॉलम व्यापते. वर मथळे, खाली तारीख आणि दर. शेजारच्या सेलमध्ये काही असेल तर एररही येतो. इंडेक्समधले ‘२, २’ म्हणजे दुसऱ्या ओळीतले दुसरे मूल्य, एवढेच दे.

बिले पन्नासच्या वर गेली की प्रत्येक ओळीत हा फॉर्म्युला ठेवू नका. शीट अडकत अडकत चालते आणि मधूनच काही सेलमध्ये #एन/ए दिसू लागते. त्यापेक्षा ‘रेट’ नावाची शीट करून तिच्या ए१ मध्ये अख्खा हंगाम एकदम आणा :

=गूगलफायनान्स("करन्सी:ईयूआरआयएनआर", "प्राइस", डेट(२०२५,१,१), डेट(२०२५,४,३०), "डेली")

आणि त्यात व्हीलुकअप करा. इथे एक खाचखळगा आहे. चलनांच्या जुन्या दरांत गूगल तारखेबरोबर वेळही देते, रात्रीची २३:५८. तुमच्या बिलावरची १५ जानेवारी ही शीटच्या दृष्टीने १५ तारखेच्या मध्यरात्री शून्य वाजताची. त्यामुळे ‘ट्रू’ लावून शोधले, की शीट १५ तारीख अजून उजाडलीच नाही असे धरून १४ चा दर देते. उपाय सोपा आहे, तारखेत एक मिळवा :

=व्हीलुकअप(ए२+१, रेट!$ए$२:$बी$२००, २, ट्रू)

आकडे एका दिवसाने सरकलेले असले तरी दिसायला ते अगदी बरोबर वाटतात, म्हणून हे इतके सविस्तर सांगते आहे. चार-पाच तारखा डोळ्यांनी ताडून पाहाच.

आणि शेवटी, हंगाम संपला की दर गोठवा. दरांचा कॉलम निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी कंट्रोल-शिफ्ट-व्ही करा. फॉर्म्युले जातील, आकडे राहतील. चालू दराचा फॉर्म्युला फक्त एका सेलमध्ये ठेवा, ‘अजून न आलेले पैसे आजच्या दराने किती होतील’ एवढ्याच अंदाजासाठी. त्या सेलला पिवळा रंग द्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल की हा आकडा हलणारा आहे.

प्रश्न : मी मूळचा चिपळूणचा, दुबईत नोकरी करतो. दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. शीटमध्ये दिरहमचा दर येतो, पण एक्स्चेंजवाला त्याहून कमी देतो. शीट चुकते की तो? शिवाय दर चांगला झाला की शीटने मला सांगावे, असे काही करता येईल का? शेजारी राहणारा मित्र कुवेतला बदलून जाणार आहे, त्यालाही हेच हवे आहे.

उत्तर : शीटचा आकडा बरोबर आहे का, हे तुम्हाला स्वतःलाच तपासता येते, आणि ही सोय तुमच्यासारख्या आखातातल्या वाचकांनाच आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून

=गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीआयएनआर")/३.६७२५

याचे उत्तर आणि एईडीआयएनआरचे उत्तर जवळजवळ सारखेच यायला हवे. तसे येत नसेल तर त्या क्षणी दोहोंपैकी एक आकडा शिळा आहे. सौदी रियाल ३.७५ ला आणि कतारचा रियाल ३.६४ ला असाच बांधलेला आहे. कुवेती दिनारचे तसे नाही. तो मे २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला आहे, त्यामुळे मित्राला केडब्ल्यूडीआयएनआर ही जोडीच वापरावी लागेल. भागाकाराची ताळा-पद्धत तिथे चालणार नाही.

म्हणजे दिरहम वधारला असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर डॉलर-रुपयाच हललेला असतो. बातम्यांत दिरहमचा दर शोधू नका, डॉलरचा बघा.

एक्स्चेंजवाला कमी देतो, कारण तो त्याचा दर आहे आणि शीटमधला मधला दर. यात फसवणूक नाही, पण किती कमी, हे दर महिन्याला मोजले पाहिजे. ए२ मध्ये पाठवलेले दिरहम, बी२ मध्ये त्यांनी घेतलेले शुल्क करासकट, सी२ मध्ये घरच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले रुपये, डी२ मध्ये त्या दिवशीचा मधला दर. मग

=१-(सी२/(ए२+बी२))/डी२

आणि सेलला टक्क्यांचे स्वरूप द्या. समजा ३,००० दिरहम पाठवले, शुल्क २० पडले, घरी ६८,७०० रुपये पोहोचले आणि मधला दर २३ होता. तुमच्या खिशातून गेले ३,०२० दिरहम, त्यामुळे तुम्हाला मिळालेला खरा दर २२.७५ च्या आसपास, आणि फरक १.०९ टक्के. रुपयांत ७६०. ‘शून्य शुल्क’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानाचा आणि शुल्क घेणाऱ्या दुकानाचा खरा मुकाबला याच एका आकड्यावर होतो. पावत्या जपून ठेवा आणि निरनिराळ्या मार्गांनी पाठवलेल्या पैशांच्या ओळी एकाखाली एक येऊ द्या.

दर चांगला झाल्याची खूण करता येते. चालू दर बी१ मध्ये आणि तुम्हाला हवा असलेला दर डी१ मध्ये ठेवा :

=इफ(बी१>=डी१, "पाठवायला हरकत नाही", "अजून खाली आहे")

हे लिहून दिले, तरी एक मनातले बोलते. घरच्या किराण्याचे, औषधांचे आणि मुलांच्या फीचे पैसे या सेलच्या भरवशावर अडकवू नका. महिनाभर थांबून जे वीस-पंचवीस पैसे वाढतील, त्यापेक्षा आईच्या हातात पैसे एक तारखेला पडणे मोलाचे आहे. ही खूण बचतीच्या रकमेसाठी वापरा. ती थांबू शकते.

प्रश्न : म्यूनिकमध्ये असतो. तुमचा फॉर्म्युला जसाच्या तसा टाकला तरी ‘एरर’ येतो. पुण्यात भावाच्या संगणकावर तोच चालतो.

उत्तर : तुमच्या शीटची भाषिक मांडणी जर्मनीची आहे. तिकडे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणून फॉर्म्युल्यातले भाग वेगळे करायला स्वल्पविराम चालत नाही, अर्धविराम लागतो. या पानावरच्या प्रत्येक फॉर्म्युल्यात कंसातल्या स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम टाका, ३.६७२५ सारखा आकडा ३,६७२५ असा लिहा. किंवा फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल भारत करा, म्हणजे आधी लिहिलेले फॉर्म्युलेही आपोआप त्या मांडणीत दिसतील. ही मांडणी माणसाची नसून फाइलची असते. भावाने तयार केलेली फाइल तुम्ही तिकडे उघडलीत तर ती भारतीय मांडणीतच उघडेल.

युरोचा अधिकृत संदर्भ दर हवा असेल तर युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी तिथल्या दुपारी चारच्या सुमारास जो तक्ता प्रसिद्ध करते, त्यात रुपयाही आहे. इकडे मुंबईत डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढत असे. जुलै २०१८ पासून तो फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते. त्यात येनचा दर शंभर येनचा असतो, एका येनचा नव्हे. शीटमध्ये घेताना शंभराने भागायचे विसरू नका.

प्रश्न : मी मडगावची. यजमान क्रूझ जहाजावर आहेत, पगार डॉलरमध्ये. घरच्या संगणकावर जुने एक्सेल आहे, त्यात गूगलचा फॉर्म्युला चालत नाही. मला फक्त एवढेच हवे आहे, की पुढच्या सहा महिन्यांत घरी साधारण किती रुपये येतील ते कळावे. कर्जाचा हप्ता आणि मुलीचे कॉलेज दोन्ही आहे.

उत्तर : ताई, गूगलफायनान्स हे फक्त गूगल शीट्समध्येच चालते. एक्सेलमध्ये त्याच्या जागी दोन गोष्टी आहेत, पण दोन्हींना मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी लागते. ए२ सेलमध्ये यूएसडी/आयएनआर लिहून, डेटा टॅबवर ‘करन्सीज’ निवडले, की त्या सेलला एक लहान चिन्ह लागते. मग दुसऱ्या सेलमध्ये =ए२.प्राइस लिहिले की दर येतो. ताजा करायला ‘रिफ्रेश ऑल’ दाबावे लागते. जुन्या तारखेच्या दरासाठी =स्टॉकहिस्टरी("यूएसडी:आयएनआर", तारीख) आहे. तिथे दोन चलनांच्या मध्ये अपूर्णविराम येतो आणि तारीख रविवारची असेल तर एरर येतो.

पण तुम्हाला यातले काहीच नको, आणि म्हणून वर्गणीही भरू नका. तुमचा प्रश्न पुढच्या सहा महिन्यांचा आहे, आणि पुढचा दर कोणत्याच फॉर्म्युल्याकडे नाही. तुम्ही असे करा. बँकेच्या पासबुकातून मागच्या महिन्यांत जमा झालेले रुपये आणि त्यासमोर कंपनीच्या पगारपत्रकातले डॉलर लिहा. भागाकार केला की बँकेने तुम्हाला दिलेला खरा दर निघतो. त्या ओळीतला सगळ्यात कमी दर घ्या (=मिन हे फंक्शन तुमच्या जुन्या एक्सेलमध्येही आहे), त्यातून आणखी एक रुपया वजा करा आणि तो आकडा बी१ या एकाच सेलमध्ये ठेवा. ए५ पासून खाली पुढच्या सहा महिन्यांचे डॉलर लिहा आणि त्यांच्यासमोर सहाही ओळींत

=ए५*$बी$१

असे लिहा. डॉलरच्या चिन्हांमुळे फॉर्म्युला खाली ओढला तरी बी१ जागचा हलत नाही. हप्ता आणि फी या रकमेत बसली, तर प्रत्यक्षात जास्त आले ते शिलकीत पडेल. करार संपून यजमान घरी असतील त्या महिन्यांत डॉलरच्या सेलमध्ये शून्य लिहायला विसरू नका. जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरांचे अंदाज मला दराने चुकलेले फारसे दिसले नाहीत, ते या मधल्या महिन्यांमुळे चुकतात.

बँकेच्या खर्चात आणखी एक ओळ असते, चलन बदलण्यावरचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंत रकमेच्या एक टक्का (किमान २५० रुपये) हे मूल्य धरतात. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक एक लाखाच्या वरच्या भागावर अर्धा टक्का. त्या मूल्यावर १८ टक्के. २,५०,००० रुपये आले तर मूल्य १,७५० आणि कर ३१५ रुपये. पासबुकात असा फुटकळ आकडा दिसला तर तो हाच.

प्रश्न : पुण्यात नोकरी करतो. कंपनीने अमेरिकेतले शेअर दिले आहेत, त्यांचा लाभांश डॉलरमध्ये येतो. विवरणपत्रासाठी गूगलचा त्या दिवशीचा दर घेतला तर चालेल ना?

उत्तर : नाही. इथे दर कायद्याने ठरवून दिलेला आहे. आयकराचे नियम स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बाहेरून तारेने आलेले पैसे जमा करताना बँक लावते तो दर) घ्यायला सांगतात, आणि लाभांशासाठी तो लाभांश मिळाला त्या दिवसाचा नसून आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा असतो. १५ मे २०२५ ला मिळालेल्या लाभांशाला ३० एप्रिलचा दर. ती तारीख शीटला काढू द्या :

=ईओमंथ(ए२, -१)

उत्तर ४५७७७ असे दिसले तर घाबरू नका, तीच ३० एप्रिल २०२५ आहे. सेलला तारखेचे स्वरूप द्या. दर मात्र हाताने भरलेल्या तक्त्यातून येऊ द्या. वर्षाच्या बारा महिनाअखेरी, एवढाच तो तक्ता. स्टेट बँकेचे रोजचे दरपत्रक त्या-त्या दिवशी उतरवून फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावा. अखेरचा दिवस रविवार किंवा सुट्टीचा असला तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेण्याची रीत आहे आणि वर दिलेले ‘ट्रू’चे व्हीलुकअप तेच करते. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यासाठी वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, म्हणून ३१ डिसेंबरचा दरही राखून ठेवा. लाभांश भरताना अमेरिकेत कापलेला कर वजा न करता पूर्ण रक्कम दाखवायची; कापलेल्या कराची सवलत वेगळी मागायची असते.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवते. रुपयाच्या घसरणीचा आलेख मुलांना शीटमध्ये करून दाखवायचा आहे. १९६६ पासूनचे दर फॉर्म्युल्याने मिळतील का?

उत्तर : इतके जुने मिळणार नाहीत. गेल्या वर्षाचा आलेख एका सेलमध्ये उमटतो, तो वर्गात जरूर दाखवा :

=स्पार्कलाइन(गूगलफायनान्स("करन्सी:यूएसडीआयएनआर", "प्राइस", टुडे()-३६५, टुडे(), "वीकली"))

१९६६ मुलांकडून हातानेच टाइप करून घ्या, कारण त्या वर्षात शीटवर शिकवण्यासारखी फार सुंदर गोष्ट आहे. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४.७६ रुपयांचा होता तो ७.५० चा झाला. काही पुस्तकांत अवमूल्यन ३६.५ टक्के लिहिलेले असते, काही ठिकाणी ५७.५ टक्के, आणि मुले विचारतात यातले खरे कोणते. ए१ मध्ये ४.७६ आणि बी१ मध्ये ७.५० लिहायला सांगा. एका सेलमध्ये =बी१/ए१-१, म्हणजे डॉलर रुपयांत किती महागला. दुसऱ्यात =१-ए१/बी१, म्हणजे रुपया डॉलरमध्ये किती स्वस्त झाला. दोन्ही आकडे समोर येतील आणि दोन्ही बरोबर असतील. मग जुलै १९९१ च्या दोन अवमूल्यनांचे, १ तारखेचे आणि ३ तारखेचे, दर ग्रंथालयातून शोधून आणायला सांगा आणि तेच दोन फॉर्म्युले त्यावर ओढायला लावा.